मे महिन्यात पाहिलेला बंगला

तुंगार्लीतला आमचा बंगला वर्षातले आठ महिने राहायला उत्तम आहे. उरलेल्या चार महिन्यांची हकीकत सांगतो, म्हणजे घराचा नकाशा कोणाकडून काढून घेऊ नये हे तरी कळेल.

मी तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून होतो. राहायला रेल्वेचीच दीड खोली. तिथे आमच्या हिने सोळा पावसाळे ओल्या लाकडांवर फुंकणी फुंकत काढले. जवळच तुंगार्लीला जागा घेतली तेव्हा तिची एकच अट होती. "मला दिवाणखाना नको, काही नको. चूल तेवढी कोरडी द्या."

इतकं साधं मागणं! पण साधं काम साध्या माणसाला सांगावं, हे माझ्या स्वभावात नाही.

ओळखीचे गवंडी म्हणजे भाजे गावचे गेनूभाऊ. त्यांना जागा दाखवली. त्यांनी टेप काढली नाही, कागद काढला नाही. तंबाखू मळत मावळतीकडे तोंड करून नुसते उभे राहिले.

"पाऊस हिकडनं येतो," तंबाखू दाढेत सोडून ते म्हणाले. "हिकडची भिंत आंधळी ठेवायची. खिडकी न्हाई, काय न्हाई. छप्पर पार खाली उतरवायचं. चूल उगवतीला."

"आणि नकाशा?"

"कागद भिजतो, भाऊ."

"बिनखिडकीच्या घरात राहायला मी काय म्हैस आहे?" मी म्हणालो. (हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. गेनूभाऊंनी ठेवलं.)

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका शेठजींच्या आंब्याच्या पेट्या पोचवायला मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. मे महिना. पश्चिमेला लांबलचक व्हरांडा, पुरुषभर उंचीच्या काचेच्या खिडक्या, वर सपाट गच्ची. वारा असा, की आंब्याची पेटी खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. ज्यांनी त्या बंगल्याचा नकाशा काढला ते दप्तरदार साहेब, मुंबईचे आर्किटेक्ट, तिथेच वेताच्या खुर्चीत सरबत पीत बसले होते. माझ्याही घराचा नकाशा काढाल का, असं मी पेटी हातात धरूनच त्यांना विचारलं, आणि साहेब चक्क हो म्हणाले.

पंधरा दिवसांत साहेब स्वतः चित्र घेऊन आले. रंगीत! पुढे बाग, बागेत छत्री घेतलेली एक गोरी बाई.

"ही कोण?" हिने विचारलं.

"नकाशात असते," साहेब म्हणाले. "आणि हे तुमचं स्वयंपाकघर, पश्चिमेच्या कोपऱ्यात. पोळ्या लाटताना तुम्हाला सूर्यास्त दिसेल."

"मला पोळी दिसली तरी पुरे," ही म्हणाली. तिचा आवाज मला जरा पडल्यासारखा वाटला, पण मी त्या छत्रीवाल्या बाईकडे पाहण्यात गुंतलो होतो.

गेनूभाऊंनाही चित्र दाखवलं. (खरं सांगायचं तर, मुद्दाम.)

"झ्याक हाये," ते म्हणाले. "पर भाऊ, त्यो शेठ पावसाळ्यात कुटं असतो?"

"मुंबईला."

"आन् बंगला?"

"बंद."

"मंग त्यो गळतो का न्हाई, कुनी बघितलंय?"

हा मला निव्वळ धंद्यातला मत्सर वाटला. नव्या जागेत एक म्हैसही पाळायची होती; त्यांचं मन राखायला म्हणून तिच्या गोठ्याचं काम मी त्यांना दिलं. त्यांनी तो आपल्या पद्धतीने बांधला. मावळतीची भिंत आंधळी, छप्पर गुडघ्याशी.

पुढच्या मेमध्ये वास्तुशांत झाली. पुण्याहून आलेल्या मेहुण्यांनी तोंडात बोट घातलं. मी पंधरा दिवस त्यांना फक्त सूर्यास्त दाखवला.

मग जून लागला. लोणावळ्यात पाऊस वरून पडत नाही, भेटायला आल्यासारखा समोरून येतो. पुरुषभर उंचीच्या खिडक्यांतून तो आत आला, थेट चुलीवर बसला आणि उठायचं नाव घेईना. गच्चीवर तळं साचलं, ते दिवाणखान्यात उतरलं. एक ढग माजघरातून परसात गेलेला मी स्वतः पाहिला. हिने छत्री धरून आमटीला फोडणी दिली. (नकाशातली छत्रीवाली बाई कोण, ते मला तेव्हा कळलं.)

मी साहेबांना खरमरीत पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: 'आपण तेथे पावसाळ्यात राहता? हे आपण आधी कळवावयास हवे होते.'

खरंच, मी कळवलं नव्हतं. मला त्यांनी विचारलंही नव्हतं. पावसाळ्याचं विचारलं होतं ते फक्त गेनूभाऊंनी.

पावसाच्या आठव्या दिवशी कचेरीतून आलो तर स्वयंपाकघर रिकामं. गोठ्यातून धूर निघत होता. आत पाहिलं, तर शेणाने सारवलेल्या कोपऱ्यात चूल, चुलीवर टम्म फुगलेली भाकरी, आणि हिच्या डोळ्यांत सोळा वर्षांत पहिल्यांदाच पाणी नव्हतं. पलीकडे म्हैस रवंथ करत होती.

"पाय पुसून या," ही म्हणाली. "इथे कोरडं आहे."

मला फार लाज वाटली. भूकही फार लागली होती, म्हणून मी आधी जेवलो.

जेवण आटोपतंय तोच घोंगडीतून पाणी निथळत गेनूभाऊ दारात उभे. त्यांनी चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्या आंधळ्या भिंतीकडे पाहिलं.

"भाऊ," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "हितं एक खिडकी पाडून देऊ का?"

मी आणि म्हशीने एकदमच मान हलवली. नको.