स्तंभावरचं नाव

झेंडूचा वास आला की परभणीच्या बागेतला, हुतात्म्यांची नावं कोरलेला दगडी स्तंभ आठवतो. निजामाशी लढताना थोरले दीर गेले, माझा नवरा मात्र तुरुंगातून जिवंत परतला. स्तंभ उभा राहिला त्या दिवशी जाऊबाईंना पुढची खुर्ची, हार, साऱ्यांचे नमस्कार. माझ्या नवऱ्याला कुणी पाणीही विचारलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला. जाऊबाईंना वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून परक्याला विचारणंही जमेना. हळूच मला म्हणाल्या, “तू शिकलेली हायेस, ह्यांचं कोणतं ते दाव गं.” मी भलत्याच नावावर बोट ठेवलं. त्यांनी पदरानं ती अक्षरं पुसली, खाली झेंडू वाहिला. मरेपर्यंत दरवर्षी त्याच नावावरून हात फिरवत राहिल्या. आता मी एकटीच जाते, आणि फूल कोणत्या नावाला वाहावं ते कळत नाही.