नांद्रेकर मास्तरांच्या तीन खोल्या

सांगली, रविवार, ६ नोव्हेंबर १९४९

या गौरवग्रंथाच्या संपादकांची आणि तो हाती घेणाऱ्या सर्वांची प्रथम क्षमा मागते. लेखासाठी मला आषाढात पत्र आले, मागाहून स्मरणपत्रेही आली. एकालाही मी उत्तर दिले नाही. मास्तरांविषयी एक वाक्य लिहावे आणि ते खरे आहे का, हे पडताळायला आपल्याच जुन्या रोजनिश्या उघडून बसावे, असे होत राहिले. ‘मास्तर कधीच रागावत नाहीत’ हे वाक्य असेच लिहिले आणि खोडले. त्यांना रागावलेले मी एकदा पाहिले आहे. त्याबद्दल पुढे लिहीनच.

श्री. शंकरराव नांद्रेकर आमच्या प्राथमिक शाळेत संगीत शिकवतात. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होतील. शाळेत मुलांसाठी तीन पथके आहेत : बँड, वाद्यवृंद आणि गायनवर्ग. तिसरीतल्या प्रत्येक मुलाने यांपैकी एकात जायचे असते. कशात जायचे हे आजवर मुलानेच ठरवले, कारण मास्तरांनी ते दुसऱ्या कोणाला ठरवू दिले नाही. मास्तर गेल्यावर मात्र चाचणी घेऊन मुलांची वाटणी शिक्षकांनीच करावी, अशी सूचना व्यवस्थापक मंडळापुढे आली. मंडळाने निर्णय मुख्याध्यापिका म्हणून माझ्यावर सोपवला. हा लेख लांबला त्याचे दुसरे कारण हे. मास्तरांचा गौरव करायचा आणि त्यांनी जन्मभर जपलेली गोष्ट त्यांच्यामागे मोडायची, असे दोन्ही एका हाताने करता आले नसते.

मी या शाळेत शिक्षिका म्हणून आले त्या दिवशी मास्तर व्हरांड्यात सतरंजीवर बसले होते. समोर मिरजेहून दुरुस्त होऊन आलेला एक दिलरुबा होता आणि ते त्याच्या तारा लावत होते. मी नमस्कार केला, नाव सांगितले. त्यांनी विचारले, “बाई, तुम्हांला काय वाजवायला आवडेल?”

बी. ए. झालेल्या मला हा प्रश्न त्याआधी कोणी विचारला नव्हता.

“घाई नाही,” ते म्हणाले. “दिवाळीनंतर सांगा.”

दिवाळीनंतर मी सांगितले : दिलरुबा. तो मला अजून नीट येत नाही. पण ‘तुम्हांला जमणार नाही’ असे मास्तर कधी म्हणाले नाहीत. फक्त मी वाजवू लागले की ते अधूनमधून खिडकी लावून घेतात.

मास्तरांचे शिक्षण पल्टणीच्या बँडमध्ये झाले. नांद्र्याहून भरतीला गेलेल्या या मुलाला फिडल शिकायचे होते. बँडच्या हवालदाराने त्यांची छाती पाहिली आणि पितळेचा सर्वांत मोठा कर्णा त्यांच्या खांद्यावर दिला. पल्टण सोडेपर्यंत तो तिथेच होता. “वाईट वाजवत नव्हतो,” ते सांगतात, “पण रोज सकाळी त्याच्याकडे बघून वाटायचं, तू माझा कोण?”

त्यांची पद्धत अशी. जून महिन्यात एका शनिवारी तीन खोल्या उघड्या ठेवायच्या. एकीत बिगूल, बासऱ्या, झांजा आणि ढोल. दुसरीत पेटी, तबला, दिलरुबा, फिडल. तिसऱ्या खोलीत वाद्य नाही, नुसती सतरंजी आणि वरच्या वर्गातल्या गाणाऱ्या मुली. तिसरीच्या मुलांनी हवे तिकडे जायचे, हवे ते हाती घ्यायचे, फुंकायचे, ओढायचे, गायचे. पालकांना त्या दिवशी फाटकाच्या आत येऊ देत नाहीत. मास्तर स्वतःही कुठल्या खोलीत बसत नाहीत. ते बसतील तिकडे मुले वळतात, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखले. ते व्हरांड्यात थांबतात आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारतात, “कुठल्या खोलीतून निघावंसं वाटत नव्हतं?” मूल सांगेल ते त्याचे पथक. दिवाळीची सुट्टी संपली की ज्याला बदलायचे त्याने एकदा बदलायचे. त्याचे कारण मास्तर विचारत नाहीत. मुले या अदलाबदलीला ‘दुसरी पंगत’ म्हणतात.

हे ऐकायला सोपे वाटते. आमच्या भागात ते सोपे नाही. इथे मूल काय वाजवणार हे त्याच्या घराकडे बघून ठरते. गुरवाच्या मुलाने सनई धरावी, ब्राह्मणाघरच्या मुलीने गावे, पल्टणीतल्या माणसाच्या मुलाने बिगूल फुंकावा. ही चूक दुष्ट माणसे करतात असे नाही. चांगली माणसे, मुलाचे भले व्हावे म्हणून ती करतात.

कराडकडचे एक सुभेदार रजेवर आले असता शाळेत आले. त्यांचा मुलगा मामाकडे राहून आमच्याकडे शिकत होता आणि त्याने पेटी निवडली होती. सुभेदार मास्तरांना म्हणाले, “त्याला बिगूल द्या. पल्टणीत बिगूल लागतो, पेटी न्हाई.”

“त्याला पेटी हवी आहे.”

“त्याला काय कळतंय? बाप सांगतोय न्हवं?”

मास्तरांनी विचारले, “सुभेदार, तुम्ही पल्टणीत गेलात ते वडिलांनी सांगितलं म्हणून?”

सुभेदार म्हणाले, “आवं, वडील कुठलं सांगत्यात. म्या रानात बैल सोडलं आन् पळून गेल्तो भरतीला.”

“मग झालं,” मास्तर म्हणाले.

सुभेदार मोठ्याने हसले. जाताना मुलाला म्हणाले, “वाजीव गड्या तुजी पेटी. पर पळून जाऊ नगंस.”

मास्तरांच्या चांगुलपणाची उदाहरणे इतर लेखांत पुष्कळ येतील. मी एकच देते. माझी आई विषमज्वराने आजारी होती तेव्हा मी बरेच दिवस शाळेत येऊ शकले नाही. माझा वर्ग मास्तरांनी आपणहून घेतला आणि मला कळवलेही नाही. पुढे दिपोटीसाहेब तपासणीला आले. त्यांनी सातचा पाढा म्हणायला सांगितला, तेव्हा सगळा वर्ग टाळी देत सात मात्रांच्या रूपक तालात म्हणू लागला. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी मास्तरांकडे. ते खिडकीबाहेर बघत होते. पाढा मात्र एकाही मुलाचा चुकला नाही.

आता ते रागावले त्या वर्षाविषयी. लढाई संपत आली होती. तिसरीत सोना नावाची मुलगी होती. तिचे वडील निवृत्तीअप्पा होलार, लग्नांत सनई आणि डफ वाजवणारे. सोना ढोलाशी जाणार असे आम्ही सर्वांनी धरून ठेवले होते. तिने गायनवर्ग निवडला.

पहिल्यांदा निवृत्तीअप्पाच आले. फाटकाजवळ उभे राहून म्हणाले, “आवं मास्तर, पोरीला वाजवण्यात घाला. गाणं शिकून काय करायची? मांडवात तिला कोण गायला बसू देनार हाय?”

“अप्पा, मी तिला कशातच घातलेलं नाही. ती गेली.”

“ती एवढीशी. तिला काय कळतंय?”

“तेच बघू या की. तुम्ही आत या, बसा.”

अप्पा त्या दिवशी आत आले नाहीत.

मग गायनवर्गातल्या एका मुलीचे वडील आले. ते सांगलीत वकिली करतात आणि शाळेच्या मंडळावर आहेत. शाळेवर त्यांचे उपकार आहेत आणि ते मनापासून केलेले आहेत. गायनवर्गाची पेटी त्यांनीच दिली होती. ते म्हणाले, “मास्तर, माझा कोणाला विरोध नाही. पण त्या मुलीच्या रक्तात ताल आहे. तिला ढोल द्या, ती नाव काढील. गाण्यात ती अवघडून जाईल, आणि आमच्या मुलीही.”

तेव्हा मास्तर रागावले. आवाज चढला नाही, पण हातातला दिलरुब्याचा गज त्यांनी खाली ठेवला. “रक्तात काय असतं ते डॉक्टरांना विचारा,” ते म्हणाले. “मला मूल काय म्हणतं तेवढंच कळतं. ते म्हणालं, गाणं.”

“पेटी मी गायनवर्गाला दिली आहे, हे लक्षात असू द्या.”

“आहे,” मास्तर म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी पेटी पुसून, गवसणी घालून, हातगाडीवरून वकीलसाहेबांच्या घरी पोचवली. मी घाबरले. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनाला गायनवर्ग गाणार होता. मी विचारले, आता कसे होणार? ते म्हणाले, “बाई, पोरं पेटीवर रेलून गातात. आता पायांवर उभी राहतील.”

दसऱ्याला गायनवर्गातल्या काही मुली आल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी येऊ दिले नाही. वकीलसाहेबांची मुलगी आली. घरात काय झाले मला माहीत नाही. ती आली आणि दुसऱ्या ओळीत सोनाच्या शेजारी उभी राहिली. मास्तरांनी तंबोऱ्याची एक तार छेडली आणि मुले गायली. शेवटच्या कडव्यापर्यंत सूर उतरला नाही. त्या दिवसापासून आमचा गायनवर्ग पेटीशिवाय गातो, आणि पेटीशिवाय सुरात गाणाऱ्या लहान मुलांची शाळा म्हणून आम्हांला साताऱ्यापर्यंत लोक ओळखतात. हे वाक्य मी दोनदा तपासले. ते खरे आहे.

गोष्ट इथे संपली असती तर माझा लेख कधीच पुरा झाला असता.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या सकाळी सोना बँडच्या खोलीच्या दारात उभी राहिली. “मास्तर, मला ढोल पायजे.”

मास्तरांनी कारण विचारले नाही. “उचलतो का बघ,” म्हणाले.

तिने पट्टा गळ्यात अडकवला, वाकली, सरळ झाली. मग कोणी न विचारता तीच म्हणाली, “गाण्यात लय गप उभं ऱ्हावं लागतं. आपली वळ येईस्तवर.”

चार दिवसांनी वकीलसाहेब व्हरांड्यात आले. ते हसत होते. “काय मास्तर, आम्ही जूनमध्ये दुसरं काय सांगत होतो? एवढा खटाटोप केलात, आणि शेवटी ढोलच.”

“ढोलच,” मास्तर म्हणाले. “जूनमध्ये तुम्ही तो तिच्या गळ्यात घालत होता. आता तिनं घेतला.”

वकीलसाहेब गेल्यावर मास्तर माझ्याकडे वळले. “बाई, तुमचा चेहरा का उतरलाय?”

मी म्हटले, तिने गायनवर्गातच राहायला हवे होते. इतके सगळे झाल्यावर.

“म्हणजे तुम्हांलाही तिला कुठंतरी घालायचंच होतं,” ते म्हणाले, आणि परत तारा लावू लागले.

त्या रात्री रोजनिशीत मी एवढेच वाक्य लिहिले आहे. त्यावर काही टिपण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही. आज एवढे म्हणते की, मास्तरांचा मोठेपणा मला त्या वाक्यात पुरता दिसला. ज्या मुलीसाठी त्यांनी पेटी घालवली, तिच्यावरसुद्धा त्यांनी आपल्या उपकाराचे ओझे ठेवले नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला त्या सकाळी आमचा बँड गावातून निघाला, तेव्हा पुढे सोनाचा ढोल होता. तिची चाल घाईची नव्हती. मोठ्या माणसांचे पाय त्या ठोक्यावर पडू लागले. निवृत्तीअप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते. मास्तर त्यांच्याजवळ थांबले तेव्हा मी मागेच होते.

“काय अप्पा, घरचा ठेका ओळखला का?”

अप्पांनी मान हलवली. “न्हाई. ह्यो आमचा न्हाई. डफावर असा पडत न्हाई. ह्यो पोरीचा सोताचा हाय.” आणि मिरवणुकीबरोबर ते चालत शाळेपर्यंत आले आणि फाटकातून आत येऊन पहिल्यांदा बाकावर बसले.

चाचणीची सूचना वकीलसाहेबांनीच मांडली आहे. सोनाच्या गोष्टीचाच ते दाखला देतात : मूल शेवटी जिथे जायचे तिथेच गेले, मग मधला वेळ वाया का घालवावा? ते वाईट हेतूने बोलत नाहीत, म्हणून मी बरेच दिवस त्यावर विचार केला. आपण केवळ मास्तरांच्या प्रेमापोटी तर हट्ट धरत नाही ना, हेही स्वतःला विचारले. मास्तरांनाही विचारून पाहिले. “मी निवृत्त होतोय. माझं मत धरू नका,” एवढेच ते म्हणाले. काल संध्याकाळी माझा निर्णय झाला. जून ते दिवाळी हा वेळ सोनाचा होता. तो वाया गेला की नाही हे तिने सांगायचे, आणि तिने ते ढोलावर सांगितले. आमच्या शाळेत चाचणी होणार नाही. मास्तरांच्या जागी जे येतील त्यांनी व्हरांड्यात बसायचे.

आम्हा सहकाऱ्यांना मास्तरांचा अभिमान आहे. उन्हाळ्यानंतर त्यांच्यावर कोणाला शिकवण्याची सक्ती असणार नाही. त्यांनी स्वतःसाठी फिडल वाजवावे, पुष्कळ वर्षे, सुदृढ हातांनी, बोटे आखडू न देता, आणि आम्ही कधी दाराशी आलो तर आम्हांला ऐकू द्यावे. त्यांना भरपूर आयुष्य लाभो.

(रोजनिशीत उतरवायचे) उद्या : शाळा सुटल्यावर वकीलसाहेबांच्या घरी जाऊन निर्णय स्वतः सांगणे.