बाबांचा आवाज कुणाच्या नावावर

बाबांनी त्या दिवशी दुपारी माझ्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी टकटक केलं, मी वळल्यावर कानाकडे बोट दाखवलं आणि मग कॉम्प्युटरकडे.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्यांना स्वतःचा जुना आवाज ऐकायचा होता.

ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढलं होतं. त्याआधीच्या आठवड्यात मी त्यांना माइकसमोर बसवून जमेल तेवढं बोलतं केलं. मी मरोळच्या एका स्टुडिओसाठी घरून आवाज कापायचं-जोडायचं काम करते, त्यामुळे साहित्य घरातच होतं. बाबा बोलत सुटले. गावची भुतं, मासळीचे भाव, तरुणपणी दशावतारात केलेल्या राक्षसाचे संवाद, सगळं मालवणीत. पण हॉस्पिटलमधून घरी परत आल्यापासून त्यांनी ते रेकॉर्डिंग कधी मागितलं नव्हतं. मीही विषय काढला नाही. आज ते स्वतः मागत होते.

आणि नेमका आदल्या रविवारी माझा भाऊ मुलुंडहून बोरीवलीला येऊन माझ्या डेस्कटॉपमध्ये नवी डिस्क बसवून गेला होता. तिच्यावर त्याने लिनक्स ही सिस्टिम नव्याने टाकली. बाबांचं रेकॉर्डिंग असलेली जुनी मोठी डिस्क आत तशीच ठेवली. "तिला हातच लावला नाही, बिनधास्त राहा," असं म्हणाला होता.

मी जुन्या डिस्कवर क्लिक केलं. पासवर्ड मागितला, दिला. डिस्क उघडली. बाबांच्या फोल्डरवर मात्र कुलपाची खूण. आत जाऊ लागले तर उत्तर एकच: परवानगी नाही.

"थांबा हं बाबा, दोन मिनिटं."

ते थांबणाऱ्यातले नव्हतेच. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. स्टुलावर बसले, लगेच उठले. गळ्यावरचा रुमाल सारखा सारखा नीट करत होते. मी पुन्हा क्लिक केलं, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. दुसरी कॉपी कुठेही नव्हती. रोज लोकांच्या आवाजांच्या तीन-तीन कॉपी ठेवणारी मी, आणि बापाच्या आवाजाची एकच.

भावाला फोन लावला.

"अरे, बाबांचं फोल्डर उघडत नाहीये. तू काय करून ठेवलंस?"

"काही उडालेलं नाही, आधी श्वास घे. फोल्डरचा मालक कोण दाखवतंय ते बघ."

मी बघितलं. "तू."

"मी? छे!" मग त्याची ट्यूब पेटली. "अच्छा! अगं, कॉम्प्युटर नाव लक्षात ठेवत नाही, नंबर ठेवतो. जुन्या सिस्टिमवर पहिलं खातं, म्हणजे पहिला नंबर, तुझा होता. नव्यावर मी आधी माझं खातं उघडलं, मग तुझं. तुझा जुना नंबर आता माझा झालाय."

"म्हणजे बाबांचा आवाज तुझ्या नावावर?"

"झालाय खरा. एक काम कर ना, माझ्या नावाने लॉगिन कर आणि ऐकव."

"मुळीच नाही. माझ्या नावावर करून दे."

"अगं बाई, फ्लॅट आहे का तो?"

मी हसले नाही. भावाने हे ओळखलं असावं, कारण मग तो एकेक अक्षर सांगत गेला आणि मी टाइप करत गेले. "एंटर मारू नकोस. आधी वाचून दाखव. तिरक्या रेघेनंतर चुकून स्पेस पडली तर अख्खी सिस्टिम तुझ्या नावावर होईल, मग वाट लागली." मी वाचलं. पुन्हा वाचलं. बाबा मागे येऊन उभे राहिले होते; गळ्याच्या छिद्रातून येणारा त्यांचा श्वास माझ्या कानाशी घरघरत होता. एंटर दाबला.

स्क्रीनवर काहीच आलं नाही. चूक नाही, शाबासकी नाही.

"झालं की नाही?"

"काही बोललं नाही ना? म्हणजे झालं. कॉम्प्युटर चालू होताना जुनी डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून एक ओळ लिहावी लागते, ती आपण नंतर लिहू. आता ऐकव त्यांना."

कुलूप गेलं होतं. मी पहिली फाइल लावली. आधी पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग बाबा, अगदी मोठ्याने, स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा मागताना: "अगो, वायच च्या हाड गो!"

"इलंय, इलंय!" आतून आई ओरडली.

भांडं ठेवल्याचा आवाज आला. आई दारात येऊन उभी राहिली, ओले हात तसेच. स्पीकरमधले बाबा आता भुताची गोष्ट सांगायला लागले होते. खरे बाबा तिच्याकडे बघून तोंड उघडून हसत होते, आवाज न करता, खांदे गदगदा हलवत.

"मेल्या, फसवलंस रे," आई म्हणाली आणि पदराला हात पुसत पुन्हा आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला.