आरशावाल्याचा डॉलर

बारा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, बुधवार. गुलमंडीतल्या एका कापड दुकानाच्या पोटमाळ्यावर कडूबाच्या चांदीच्या डॉलरची किंमत झाली : पाच हजार आठशे रुपये.

आकडा सांगितला नानासाहेबांनी. खाली त्यांचं दुकान, वर जुन्या नाण्यांचा छंद. डॉलर कडेनं धरून त्यांनी भिंगाखाली दोनदा फिरवला होता. कडूबाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो गोदाम सांभाळतो. आकडा दोनदा विचारून घ्यायची त्याला सवय. त्यानं पुन्हा विचारलं. आकडा तोच निघाला.

"एकशे चव्वेचाळीस वर्षांचा हाय," तो म्हणाला. "आन् बघा की, कालच पाडल्यावानी."

"तीच तर अडचण आहे, कडूबा. या सालाचे कालच पाडल्यासारखेच ढिगानं मिळतात."

नानासाहेबांनी खणातून चार डॉलर काढून गादीवर मांडले. तेच अठराशे एक्याऐंशी साल, गरुडाखाली टांकसाळीचं तेच बारीक अक्षर, नाण्यावरच्या बाईचा तोच झळझळीत गाल. कडूबाचा पाचवा त्यांत मिसळला असता तर त्यालाही ओळखू आला नसता. मग त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. त्या वर्षी त्या एका टांकसाळीत सव्वा कोटीच्या वर डॉलर पडले. एवढं जड नाणं खिशात वागवायला कोणी राजी नव्हतं. हजार-हजारांच्या पिशव्या शिवून अमेरिकन सरकारनं तिजोरीत ठेवल्या, त्या सत्तर-ऐंशी वर्षं तशाच राहिल्या. पिशव्या उघडल्या तेव्हा आतला माल कोराच्या कोरा. बाईच्या गालावरचे दोन बारीक ओरखडेसुद्धा पिशवीत एकमेकांवर घासून पडलेले, माणसाच्या हातानं नव्हे. दुसऱ्या एखाद्या सालाचा इतका कोरा असता तर गोष्ट वेगळी होती.

कडूबा ऐकत होता, पण मन त्या तिजोरीत शिरलं होतं. काळोख. पिशवीला टेकून पिशवी. आत हजार बाया एकाच दिशेला तोंड करून झोपलेल्या. बाहेर लढाया होताहेत, राजे जाताहेत, आणि यांच्या गालावर उन्हाचा कवडसासुद्धा नाही. त्यांतली एक उठून समुद्र ओलांडून फर्दापूरला आली, त्याच्या बापाच्या तळहातावर.

नानासाहेबांनी डॉलर एका गोल पारदर्शक डबीत बसवून दिला. डबीचे चाळीस रुपये झाले. कडूबाजवळ पाचशेची नोट, नानासाहेबांकडे सुटे नाहीत. पुढच्या खेपेला द्या, म्हणाले.

बाप सर्जेराव. शेरडं राखता राखता अजिंठ्याला आरशावाला झाला. लेण्यांत तेव्हा उजेड नसायचा. बाहेर उन्हात आरसा धरायचा, ऊन आत फेकायचं. आतला माणूस पांढऱ्या पत्र्यावर ते झेलून भिंतीवर पसरायचा. आत पाहुणे थक्क व्हायचे. सर्जेराव बाहेर, डोक्यावर घोंगडी, डोळे बारीक केलेले. उन्हाचा पट्टा आत जाताना त्याला दिसे. तो कोणत्या चेहऱ्यावर पडला ते कधी दिसलं नाही. अडुसष्ट साली एक अमेरिकन म्हातारा लेण्यातून डोळे पुसत बाहेर आला आणि खिशातला डॉलर त्याच्या हातावर ठेवून गेला. तेवढ्यावरून सर्जेराव समजला, आत काहीतरी मोठं असणार.

चौऱ्याण्णव साली बाप गेला. मागं दोन वस्तू राहिल्या : फर्दापूरच्या रस्त्याकडेला दोन गुंठे बाभळीची जागा, आणि डॉलर. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही त्यांच्याकडची रीत. कडूबानं एका बाजूला जागा ठेवली, एका बाजूला डॉलर. आठच दिवस आधी एका गाइडनं डॉलर पाहून कडूबाला सांगितलं होतं, लाख की चीज है. ते त्यानं धाकट्या गोकुळला सांगितलं नाही. गोकुळनं बाभळी उचलल्या. कडूबानं डॉलर कनवटीला लावला आणि करमाडला येऊन राहिला.

एकतीस वर्षं त्याला भावाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. सणाला जायचा, पाणी पिऊन परतायचा. मार्चअखेर निवृत्ती होती. त्याआधी डॉलर विकायचा, निम्मे पैसे गोकुळच्या हातावर ठेवायचे आणि खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. "लाख येऊ द्या, मंग वाटा," आवडाबाई, त्याची बायको, जाताना म्हणाली होती. आता निम्मे म्हणजे दोन हजार नऊशे. पण खरं सांगायचं राहिलंच होतं. रविवारी तो फर्दापूरच्या एसटीत बसला.

बाभळींच्या जागी आता गोकुळचं हॉटेल आहे. दुपारची गर्दी ओसरली होती. सर्जेरावचा आरसा हात धुवायच्या नळावर टांगलेला. पाहुणे त्यात भांग पाडतात. कडूबानं डबी टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून गाइडचं सगळं सांगून टाकलं.

गोकुळ कप विसळत होता. त्यानं हात पुसले.

"दादा, त्या गाइडनं चहा माझ्यासंगं पेला व्हता. तुझ्याआदी त्यानं मला सांगितलं."

"मंग जागा का उचलली?"

"आदी उचलायचं माझ्याकडं व्हतं. डॉलर मी घेतला असता तर तुझ्या वाट्याला काय, काटे? तुझं नुकतंच लगीन झालतं." तो हसला. "तुला वाटलं धाकटा येडा हाय. मायबी तेच म्हणायची."

कडूबानं डबी त्याच्याकडं सरकवली. नानासाहेबांचा आकडा जिभेच्या टोकावर आला होता.

"गोकुळ, परवा याची किंमत—"

"नाय. आकडा नको सांगू," गोकुळ म्हणाला. "जन्मात एकच मोठी वस्तू सोडली म्या. लाखाची हाय, एवढं पुरं हाय मला. किती लाख ते कळलं तर मन खात बसंल."

तो हे इतक्या समाधानानं म्हणाला की कडूबाचं तोंड मिटलं. या खेपेला गप्प राहताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं नाही.

गोकुळनं डबी उचलून उन्हात धरली. डॉलरवरून उडालेलं ऊन नळावरच्या आरशावर पडलं, त्यातून एक कवडसा निघाला, भजी तळायच्या कढईवरून, दरपत्रकावरून सरकत मागच्या भिंतीवर जाऊन थरथरत राहिला. दोघं भाऊ वळून बघत बसले. भिंतीवर काही नव्हतं, नुसता चुना. तरी कडूबाला वाटलं, बाप बाहेर उन्हात उभा आहे, डोळे बारीक करून. आणि आत काय दिसतं ते त्याला कोणीतरी जाऊन सांगायला हवं.

संध्याकाळच्या गाडीनं तो डॉलर घेऊन करमाडला परतला. अजून विकलेला नाही. नानासाहेबांचे डबीचे चाळीस रुपये द्यायचे आहेत.