खुराड्यातला दिवा

थंडीत ओठांना व्हॅसलीन लावलं, की त्या वासाने मी रिकार्टनच्या या एकटीच्या फ्लॅटमधून थेट ओटागोतल्या आमच्या जुन्या घरी जाते. तिथे बर्फ गुडघाभर साचायचा. साताऱ्याहून या परदेशात आमच्याकडे राहायला आलेल्या आईने परसात कोंबड्या पाळल्या होत्या. गारठ्याने तुरे काळे पडू नयेत म्हणून ती रोज सकाळी एकेकीला मांडीवर घेऊन तुऱ्याला व्हॅसलीन चोळायची. नुकत्याच निघालेल्या पिल्लांसाठी तिने खुराड्यात उबेचा दिवा लावला होता.

एका सकाळी तो बंद दिसला. पिल्लं एकमेकांना बिलगून ताठ झाली होती. माझ्या नवऱ्याने गाडीची बॅटरी चार्जिंगला लावायला दिव्याचा प्लग काढला होता.

“मला हाक तरी मारायची होती, जावईबापू,” आई म्हणाली.

“पिल्लंच तर होती, आई. हीप्स मिळतात, ढिगाने, अजून आणू,” टोस्टला बटर लावत तो म्हणाला.

मी पिल्लांसाठी रडत होते. आई रडली नाही. ती पिल्लांकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला काय दिसलं होतं, ते कळायला मला त्याच्याबरोबर पुढची कितीतरी वर्षं काढावी लागली.