पाण्याचा वार

मी पहिल्यांदा सोलापूर सोडलं तो दिवस नेमका आमच्या गल्लीच्या पाण्याचा होता, म्हणून अव्वा, माझी आई, स्टेशनवर आली नाही. चार दिवसांनी नळ आला होता. पिंपात उरलेलं पाणी ती अंगणात बदाबदा ओतून देत होती आणि मी बॅग घेऊन दारात उभी. "शिळं ठिवून काय करायचं? ताजं आलंय की," हे तिचं दर वेळचं वाक्य त्या दिवशीही झालं. मग ओल्याच हातानं माझा गाल कुरवाळून म्हणाली, "होगि बा." जाऊन ये, एवढंच. आम्ही मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे, त्यामुळे मायेचं बोलणं घरात कन्नडातच होतं. रिक्षा स्टेशनला पोचली तरी गाल ओला होता.

तुम्हा सगळ्या मैत्रिणींना मी हसरे फोटो पाठवले, पण आता खरं सांगते. मी घाबरले होते. नऊ वर्षं सोलापुरात नर्स म्हणून काम केलं, मग स्वतःच हौसेनं परदेशातल्या दवाखान्यांसाठी व्हॉलंटियरचा फॉर्म भरला. कुणी ढकललं नव्हतं, त्यामुळे भीती वाटते म्हणायचीही सोय नव्हती. पाण्याशी माझी ओळख म्हणजे सिद्धेश्वर तलावाच्या काठावर खाल्लेली भेळ. आणि निघाले कुठं, तर पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर. शेवटचे सात तास लहान बोटीत होते. लाइफजॅकेटचा पट्टा मी इतका आवळला होता की उतरल्यावर दुसऱ्यांना सोडवावा लागला.

बेट एवढं अरुंद, की दवाखान्याच्या पुढच्या दारातून समुद्र दिसायचा आणि मागच्या दारातूनही. डोंगर नाही, टेकडी नाही. लाट मोठी आली तर पळायचं कुठं, हे मी पहिल्याच दिवशी तेरेताला विचारलं. तेरेता तिथली नर्स, पन्नाशीची, दवाखाना तीच चालवायची. तिनं नारळाच्या झाडाकडे बोट दाखवलं आणि पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही.

विहिरीचं पाणी खारट. प्यायला फक्त पावसाचं, पत्र्यावरून पन्हाळीनं टाकीत उतरलेलं. दवाखान्यामागे दोन टाक्या होत्या. एक तळाला गेली होती, दुसरी निम्म्याहून जास्त भरलेली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तेरेता घरभेटींना गेली होती आणि आभाळ काळंकुट्ट भरून आलं. मी भरलेल्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पाणी कित्येक महिन्यांचं, तळाशी गाळ. आता ताजं येणार, मग हे शिळं कशाला? अव्वाची लेक ती. मी तोटी पूर्ण सोडली, पाणी वाळूत जिरू दिलं, आत उतरून टाकी घासली आणि पदर खोचावा तसा टी-शर्ट खोचून पावसाची वाट बघत बसले.

ढग आमच्या डोक्यावरून गेले आणि लांब समुद्रात बरसले.

दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या दिवशीही. तेरेताला वाटलं तोटी गळतेय. ती वाकून तपासत होती आणि मी तिला पाना काढून देत होते. इतकी खोटी मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

त्याच दुपारी एक बाई जुलाबानं सुकून गेलेलं तान्हं घेऊन आली. उकळायला पाणी घ्यावं म्हणून गेले, तर पहिल्या टाकीतून कसंबसं एक पातेलं निघालं. त्यानं संध्याकाळपर्यंतच भागणार होतं. मला परत पाठवतील याची भीती होतीच, पण खरी भीती त्या लेकराच्या खोल गेलेल्या डोळ्यांची होती. मी तेरेताला सगळं सांगून टाकलं.

"कशाला ओतलंस?"

"जुनं होतं म्हणून."

"मग नवीन कुठंय?"

एवढंच विचारून ती बाहेर गेली. झाडाला एक रिकामा गॅस सिलिंडर टांगलेला होता, त्यावर तिनं लोखंडी गज वाजवला. गाव गोळा करायची तिथली ती घंटा. बायका आल्या, ऐकून घेऊन परत गेल्या आणि कॅन, बादल्या घेऊन आल्या. एका म्हातारीनं सोड्याच्या बाटलीत भरून आणलं होतं. मला कुणी शब्दानंही बोललं नाही, आणि मी मान वर करू शकले नाही. लेकरू वाचलं. पाऊस अकराव्या दिवशी पडला.

पाणीटंचाईच्या गावची म्हणून मी तिथं मिरवत होते. पण आमच्या पाण्याला वार असतो. उशिरा येईल, बारीक धारेनं येईल, येईल मात्र नक्की. वार नसलेलं पाणी मी पाहिलंच नव्हतं. अजूनही ढग आले की मी आधी टाकीची तोटी बंद आहे ना ते बघून येते.

हे फोनवर अव्वाला सांगायचं धाडस झालं नाही. वर्षानं सुट्टीवर आले तेव्हा चुलीपाशी बसून सांगितलं. तिची तव्यावरची भाकरी करपली.

"मी शिकिवलं म्हनून केलंस व्हय गं?" एवढंच म्हणाली.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं? माझ्या वाटणीचं पाणी जिथं कुणी राखून ठेवतं ते, असं मला वाटतं. तशी आता दोन आहेत, आणि दोन्हींकडून निघताना भीती वाटते.

परत निघाले तेव्हाही नेमका पाण्याचाच वार होता. बॅग घेऊन दारात आले, तर अव्वा ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून कुलूप लावत होती. शेजारीण ओरडली, "अव्वा, नळ आलाय की!"

"यीऊ दे. मागल्या वाराचं हाय अजून, पुरंल."

स्टेशनवर गाडी हलेपर्यंत तिनं खिडकीतून माझा हात धरून ठेवला होता. या वेळी तिचा हात कोरडा होता.