लेकरू कधी बसवायचं

मूल कितव्या वर्षी बसवायचं, असं कुणी विचारलं की अंगणवाडीच्या बाई उत्तर देत नसत. हातातलं तांदूळ निवडणं न थांबवता त्या खिडकीतून बाहेरच्या हापशाकडे बोट दाखवत. विचारणारी नवी सून असली तर गोंधळायची. बाईंना पाणी हवंय असं समजून घागर शोधायला लागायची. मग जुन्या बायका हसत हसत तिला रीत समजावून सांगत.

रीत अशी होती. आईने मूल आत सोडायचं आणि स्वतः बाहेर जाऊन हापसायला लागायचं. दांड्याचा खडखडाट आत ऐकू येई. तो चालू आहे तोवर आई आहे, एवढं अडीच-तीन वर्षांच्या डोक्यालाही कळतं. पहिल्या दिवशी चार घागरी, मग तीन, मग दोन. आवाज थांबला की मूल मान वर करायचं, खालचा ओठ पुढे यायचा. बाई तिथूनच सांगत, "हापस गं, अजून हापस." आणि ज्या दिवशी आवाज थांबूनही मूल हातातला ठोकळा सोडत नसे, त्या दिवशी बाई दारात येऊन म्हणत, "जाय आता रानात. बसलं तुझं लेकरू."

कुणाचं चार दिवसांत बसे, कुणाचं महिन्यात. आमच्या आवारातली सहा झाडं एका हट्टी मुलाच्या आईने जगवलेली आहेत. हापसलेल्या पाण्याचं करायचं काय, म्हणून ती झाडांना घालत राहिली. मुलगा बसेपर्यंत झाडं गुडघ्याएवढी झाली होती.

मी त्याच आवारातल्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर होतो. घनसावंगी तालुक्यातलं गाव, बाजाराला कुंभार पिंपळगाव. मी जालन्याहून रोज मोटारसायकलवर येऊन-जाऊन करायचो. तीन खोल्या आमच्या, एक बाईंची. त्यांच्या सासरी पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती उरली होती. लहानग्यांबद्दलचं त्यांचं बरंचसं ज्ञान त्या मेंढरांमधून आलं होतं. "कोकराला कळपात सोडायचं तं त्याची माय त्याच कळपात पायजे, सर. मंग हळूहळू तिला बाजूला करायचं. एकदम तोडलं की ते चरत न्हाई, नुसतं उभं ऱ्हातं."

बालशिक्षणावरची बरीच पुस्तकं मी वाचली आहेत. त्यांतल्या जाड पुस्तकांत जे दोनशे पानांनंतर सांगितलेलं असतं, ते बाई एका हापशावर करत. फक्त त्यांना संदर्भसूची नव्हती.

एकदा तपासणीला साहेब आले होते. तुम्हीही असे साहेब पाहिले असतील, खोलीत शिरण्याआधी ज्यांचं पोट आणि कपाळावरचा चष्मा शिरतो. बाहेर एक बाई हापसतेय आणि तिचं मूल आत रडतंय, हे पाहून त्यांनी विचारलं की हा प्रकार कोणत्या परिपत्रकात आहे. बाईंनी शांतपणे सांगितलं, "सायेब, हापसा ग्रामपंचायतीचा हाये." साहेबांनी खिचडी चाखली, मुलांबरोबर फोटो काढला आणि गेले.

मूल लवकर पुढे ढकलायला आलेल्या आईबापांसाठी बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "घाई कोणाला झाली? लेकराला का तुम्हाला?" याचं उत्तर देताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

मला विचारलं असतं तर मलाही देता आलं नसतं. माझा धाकटा अडीच वर्षांचा असतानाच आम्ही त्याला जालन्यातल्या एका इंग्रजी शाळेत घातलं होतं. म्हणजे मी रोज पन्नास किलोमीटर जाऊन गावच्या मुलांना मराठीतून शहाणं करायचो, आणि माझं मूल शहरात 'ट्विंकल ट्विंकल' म्हणायचं. बाईंनी यावर कधी शब्द काढला नाही. मुलांची खुशाली विचारत, शाळेचं नाव टाळत.

त्या शाळेने पुढे मला एकदा प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. माजी विद्यार्थ्याचे वडील आणि शिवाय शिक्षक, असं दुहेरी महत्त्व होतं. प्रसंग पदवीदानाचा. बालवाडी संपवून पहिलीत जाणाऱ्या मुलांना ऐन एप्रिलमध्ये काळे झगे घातले होते आणि डोक्यावर गोंड्याच्या चौकोनी टोप्या. एका पदवीधराला झग्यातच झोप लागली होती. दुसऱ्याने टोपीचा गोंडा चघळून ओला केला होता. मी सोफ्यावर बसून गुंडाळलेले कागद वाटले आणि 'शिक्षणाचा पाया' या विषयावर दहा मिनिटं बोललो. गावात जाऊन बाईंना हे सगळं रंगवून सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. एक गोष्ट मी सांगितली नाही. शाळेच्या फाटकावर त्या कार्यक्रमाचा मोठा फलक लागला होता आणि त्यावर माझा फोटो होता.

बाईंचा मुलगा माझाच विद्यार्थी. आयटीआय करून तो जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये लागला आणि तिथेच जवळच्या वस्तीत बायको-मुलीसह खोली घेऊन राहिला. मुलगी आराध्या. बाई तिला आरू म्हणत. सणावाराला ती गावी आली की अंगणवाडीत दिवसभर तिचाच आवाज असायचा. शेळीशी बोलायची, खिचडीच्या पातेल्याशी बोलायची. प्रत्येक गोष्टीला 'कामून?' विचारायची. एकदा माझ्या वर्गात येऊन तिने मला विचारलं, "तू कामून ओरडून राह्यला?" मी पाढे म्हणून घेत होतो. वर्ग हसला, आणि मलाही पटलं की मी ओरडतोच आहे.

ती सव्वादोन वर्षांची असताना एका शनिवारी मुलगा सुट्टी घेऊन गावी आला. शाळा सुटल्यावर बाईंनी मला अंगणवाडीत बोलावून घेतलं. मुलाने तिला जालन्यातल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं होतं. आत्ता खालच्या वर्गात घातलं नाही तर पुढच्या वर्षी नर्सरीला जागा मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बाई म्हणत होत्या की वर्षभर पोरगी माझ्यापाशी ठेव. तीन पूर्ण होऊ दे. मग कुठेही घाल.

मुलगा वाईट नव्हता. बारा-बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस होता तो, आणि मुलीला भट्टीपासून लांब न्यायचा त्याला हा एकच रस्ता दिसत होता. पण थकलेला होता आणि बोलून गेला.

"माय, तुझ्याकडं लेकरं खिचडीसाठी येत्यात. शिकायला न्हाई."

बाई चुलीपुढे बसून चहा गाळत होत्या, तो गाळून झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगा ह्याला."

"सर काय सांगतील?" मुलगा म्हणाला. "त्याच शाळंच्या गेटवर सरांचा फोटो लागलाय. पावणे व्हते सर तिथं."

बाईंनी कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि वाट पाहत बसल्या. सगळ्या नोकरीत माझ्या एका शब्दाची इतकी गरज कुणाला पडली असेल असं मला वाटत नाही. मी म्हणालो, वय तसं लहान आहे, पण अलीकडे सगळेच घालतात, शाळाही बरी आहे, शेवटी निर्णय आईबापांचा. असं बोलायला मी शिक्षकांच्या बैठकांमध्ये शिकलो. त्याचा अर्थ काहीच होत नाही आणि त्यामुळे ते कुणाला खोडताही येत नाही.

जूनमध्ये आरू शाळेत गेली.

पुढचं बाईंना त्या शाळेत काम करणाऱ्या एका मावशीकडून कळलं. वर्गात मराठी बोलायचं नाही, असा नियम होता. पहिल्याच आठवड्यात आरूला शूला लागली. तिने सांगितलं, आपल्या भाषेत. इंग्रजीत विचार, असं तिला सांगण्यात आलं. तिला येत नव्हतं. बसल्या जागी व्हायचं ते झालं, आणि मुलं हसली. कुणी मारलं नाही, फारसं रागावलंही नाही. मराठी बोलायचं नाही एवढं फक्त पुन्हा सांगितलं. तिच्याकडे दुसरी भाषाच नव्हती. तिने ऐकलं, इतकंच.

पहिले दोन महिने शाळा खूश होती. शांत बसण्याबद्दल तिच्या कपाळावर चांदणी चिकटवून घरी पाठवत. मग ती घरीही बोलेनाशी झाली. आईबापाने आधी लाड केले, मग दरडावलं, मग डॉक्टर केले. कान ठणठणीत होते, घसा ठणठणीत होता. भीती बसलीय, वेळ द्या, असं एका डॉक्टरांनी सांगितलं.

दिवाळीच्या आधी बाई जाऊन तिला गावी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला अंगणवाडीत मुलांच्या मधोमध बसवलं, पुढ्यात ठोकळे ठेवले आणि स्वतः बाहेर हापशावर गेल्या. इतकी वर्षं लेकरांच्या आयांना हापसायला लावलं, आता स्वतः हापसायला लागल्या. मी माझ्या वर्गाच्या दारातून बघत होतो. बाई हापसत होत्या, घागर भरून वाहत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्या थांबल्या आणि ओल्या हातांनी दारापर्यंत आल्या. मीही गेलो.

आरूने मान वर केली नव्हती. ठोकळ्यांना हात लावला नव्हता. मांडी घालून, पाठ ताठ करून, ओठांवर बोट ठेवून ती बसली होती. शहरातल्या शाळेत बसवतात तशी. बाकीच्या मुलांना तो नवा खेळ वाटला असावा. पंधरा-सोळा मुलं, ज्यांना गप्प करायला बाईंनी कधी प्रयत्नही केला नव्हता, तीही ओठांवर बोट ठेवून रांगेने बसली होती. एवढी शिस्त त्या खोलीत कधी नव्हती. साहेब असते तर फोटो काढला असता.

बाई आत गेल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "सर, हिला आता मी बसवू कशी?" असं म्हणाल्या, आणि मग, "उठवू कशी?"

दिवाळी झाल्यावर मुलगा आरूला परत घेऊन गेला. इथे तरी कुठे बोलली, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. संक्रांतीपर्यंत बाईंनी कसंबसं काढलं. मग निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना राजीनामा दिला आणि जालन्याला गेल्या. जायच्या आधी एक जण मुलाला घेऊन आला होता, आत्ता घालू का पुढच्या वर्षी, विचारायला. बाई ट्रंक भरत होत्या. त्यांनी मान हलवली आणि मला ठाऊक नाही म्हणाल्या. तसं म्हणताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अंगणवाडीचा कारभार शेजारच्या वाडीच्या सेविकेकडे आहे. ती जमेल तेव्हा येते. गावातल्या बऱ्याच मुलांना आता सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी न्यायला येते.

बाईंच्या मुलाची खोली माझ्या घरापासून तीन किलोमीटरवर आहे. तिथे जायला मला दीड वर्ष लागलं.

संध्याकाळची वेळ होती. बाई उंबऱ्यात बसल्या होत्या, आरू शेजारी वहीत लिहीत होती. बाई वाळल्या होत्या. बोलणंही कमी झालं होतं. दिवसभर न बोलणाऱ्याच्या सोबत राहिलं की होत असावं. मी सवयीने मुलीला नाव विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, वहीचं कोरं पान काढलं आणि इंग्रजीत नाव लिहून वही माझ्यापुढे धरली. अक्षर फार सुरेख होतं.

"लिहिती चांगलं," बाई म्हणाल्या. "पहिला नंबर हाये वर्गात."

मी बरं म्हणालो. आणखी काय म्हणायचं ते घरून निघताना ठरवलं होतं, पण ते बाहेर येईना. बाईंनीच सोडवलं. मुलीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी नको म्हणले असते, तरी त्यो ऐकला नस्ता, सर. माझाच लेक हाये, मला काय माहीत न्हाई?"

मी आरूची वही तिला परत दिली.

"पन तुम्ही म्हणायला पायजे व्हतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. मी उठलो. मिलची पाळी सुटली होती आणि रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागली होती, काळवंडलेले चेहरे, मागे लटकवलेले डबे. मी गाडी सुरू करून वळून पाहिलं तेव्हा आरू हात हलवत होती. मला की माझ्या मागून येणाऱ्या तिच्या बापाला, ते समजलं नाही. विचारायची सोय नव्हती.